घरच्या बियांपासून तुळस : मराठवाड्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेतून तुळशीचे रोप आणायचे, ते कसेबसे जगवायचे आणि तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा नवे आणायचे, हा क्रम मराठवाड्यातल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू आहे. खरे तर अंगणातल्या एका झाडाच्या मंजुळांमध्ये साऱ्या गल्लीला पुरेल इतके बी असते आणि ते उगवून आणणे अवघडही नाही. बी उगवत नाही ते बहुतेक वेळा खोल पेरल्यामुळे आणि वरून पाणी ओतल्यामुळे. उगवलेले रोप जाते ते काळ्या मातीत मुळांशी साचलेल्या पाण्यामुळे. पुढील उत्तरे आपल्याकडची माती, पाणी आणि ऊन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

बी नेमके कोणत्या तुळशीचे घ्यावे?

पूजेतली हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट पानांची कृष्ण तुळस या एकाच जातीच्या आहेत. वनस्पतिशास्त्रात या जातीला ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हणतात. जुन्या पुस्तकांत ऑसिमम सँक्टम हे नाव आढळते. मोठ्या पानांची, लवंगेसारख्या उग्र वासाची आणि माणसाच्या उंचीपर्यंत जाणारी वनतुळस ही वेगळी जात आहे, तर सब्जा ही तिसरी. बाजारात तुळशीचे बी मागितल्यावर पुडीत सब्जाचे बी येण्याचा प्रकार वरचेवर घडतो, म्हणून पेरण्यापूर्वी थोडे बी पाण्यात टाकून पाहावे. सब्जाचे बी काळे व मोठे असते आणि काही मिनिटांतच त्याच्याभोवती जाड, पांढुरका, बुळबुळीत थर फुगतो. तुळशीचे बी राईपेक्षा कितीतरी बारीक आणि तपकिरी असते व त्याच्याभोवतीचा थर पातळच राहतो. शक्य असेल तर बाजाराच्या वाटेला जाऊच नये. शेजारच्या अंगणात दोन उन्हाळे काढलेली तुळस असेल तर तिचे बी मागून आणावे. ज्या झाडाने इथले ऊन आणि इथले पाणी सोसले आहे, त्याच्या बियांवर माझा अधिक विश्वास आहे.

घरच्या झाडाचे बी कसे धरावे?

मंजुळ खालून वर फुलत जाते, त्यामुळे तिचे बीही खालून वर पिकते. मंजुळीचा खालचा निम्मा भाग तपकिरी होऊन वाळला आणि टोकाला अजून दोन-चार फुले असली, तरी ती खुडण्याजोगी झाली असे समजावे. पूर्ण वाळण्याची वाट पाहत बसलो तर खालचे बी वाऱ्याने झडून जाते. एक वाळलेले बोंड तळहातावर घेऊन नखाने हलकेच उघडले, तर त्याच्या तळाशी एकमेकांना चिकटून बसलेले, बहुधा चार, बारीक दाणे दिसतात. तपकिरी, टणक दाणे म्हणजे पक्के बी. फिकट, नखाखाली चपटे होणारे दाणे म्हणजे कच्चे.

खुडलेल्या मंजुळा कागदावर पसरून सावलीत तीन-चार दिवस वाळवाव्यात, दोन्ही तळहातांत चोळाव्यात आणि चहाच्या गाळणीतून चाळून घ्याव्यात. भुसा हलक्या फुंकरीने उडतो. बी फार हलके असल्याने सुपात पाखडण्याचा मोह टाळावा, नाहीतर भुशाबरोबर तेही उडून जाईल. थोडा भुसा राहिला तरी काही बिघडत नाही.

पेरणी केव्हा करावी?

मृगाचा पाऊस पडून हवेतला उकाडा निवला, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत चांगला. तुळशीच्या बियांना उगवण्यासाठी साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि या दिवसांत ते आपोआप मिळते. शिवाय जूनमध्ये पेरलेल्या झाडाला सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत मंजुळा येऊ लागतात, त्यामुळे कार्तिक शुद्ध द्वादशीला लग्न लावण्यासाठी घरचीच, मंजुळांनी भरलेली तुळस उभी असते.

दुसरी वेळ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येते. त्या वेळी बी चांगले उगवते, परंतु कोवळ्या रोपांना लगेच एप्रिल-मेचे चाळीस अंशांवरचे ऊन सोसावे लागते आणि गारपिटीचे भयही असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणून या हंगामातली रोपे उचलून आत नेता येतील अशा कुंड्यांतच करावीत. डिसेंबर-जानेवारीत पेरणी करू नये. परभणीसारख्या ठिकाणी काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि अशा थंडीत बी मातीत नुसते पडून राहते.

शेतातली काळी माती चालेल का?

एकटी काळी माती चालणार नाही. शेतात सोन्यासारखी असलेली ही माती कुंडीत अडचणीची ठरते. ती बसाल्ट खडकापासून बनलेली, बारीक कणांची आणि चिकण असते; पाणी मिळाले की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. फुगलेल्या अवस्थेत मुळांना हवा मिळत नाही आणि भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. तिच्यात चुनखडीचे प्रमाणही बरेचदा जास्त असते, त्याचा परिणाम पुढे पाने पिवळी पडण्याच्या प्रश्नात येईल.

पेरणीच्या कुंडीसाठी एक भाग चाळलेली माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. नदीकाठची पोयट्याची किंवा तलावातल्या गाळाची माती मिळाली तर काळ्या मातीपेक्षा ती घ्यावी. मात्र गाळही चिकण असेल तर वाळूचे प्रमाण वाढवावे. शेणखताबाबत तडजोड नको. उकिरड्याच्या वरच्या थरातले अर्धकच्चे शेण आणले तर त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे करपतात आणि मुळे खाणारी हुमणी अळीही कुंडीत येते. काळे, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेले खत हेच खरे. माती चोपण असेल, म्हणजे पावसानंतर तिच्यावर साबणासारखा निसरडा थर येत असेल, तर ती मिश्रणात अजिबात घेऊ नये.

बी पेरायचे कसे?

तळाला भोक असलेली पसरट कुंडी किंवा जुने टोपले घ्यावे, भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा आणि मिश्रण काठापासून दोन बोटे खाली राहील इतके भरावे. पेरणीपूर्वीच माती चांगली भिजवून पाणी निथळू द्यावे, कारण पेरल्यानंतर वरून पाणी ओतायचे नाही. बी चिमटीत दुप्पट-तिप्पट कोरड्या वाळूत मिसळून घ्यावे, म्हणजे ते एका जागी गठ्ठ्याने पडत नाही. मग ते मातीवर विखरून तळहाताने हलके दाबावे आणि वरून चाळलेल्या खताची नुसती भुरभुर करावी, इतकी की काही दाणे उघडेच दिसत राहतील. एवढ्या बारीक बियांत साठवलेले अन्न फार थोडे असते आणि त्यांना उगवताना उजेडही लागतो. बोटभर खोल गेलेला दाणा वर येत नाही.

यानंतर कुंडीवर ओले गोणपाट टाकण्याची सवय अनेकांना असते. तुळशीसाठी ते नको, कारण त्याने उजेड अडतो आणि उचलताना अंकुर त्याला चिकटून येतात. त्याऐवजी कुंडी सकाळचे कोवळे ऊन येईल अशा जागी ठेवून वर तुराट्यांची विरळ ताटी आडवी टाकावी. पाणी झारीच्या बारीक फवाऱ्याने द्यावे किंवा कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत अर्धा तास ठेवून खालून शोषू द्यावे. ही दुसरी पद्धत मला सर्वांत निर्धोक वाटते. सात ते चौदा दिवसांत हिरवी टिपके दिसू लागतात.

पंधरा दिवस झाले तरी काहीच उगवले नाही. कारण काय असावे?

प्रथम मुंग्यांवर लक्ष ठेवावे. तुळशीचे बी त्या एकेक करून उचलून नेतात, आणि आपण मात्र बियांना दोष देत राहतो. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. दुसरे कारण मातीवर धरलेली पापडी. दुपारी माती वाळून वरचा थर कडक झाला, तर अंकुर त्याखालीच मरतो. तिसरे कारण जोरदार सरीत बी वाहून जाणे. म्हणून पेरणीची कुंडी उघड्या अंगणात ठेवू नये, ओसरीच्या कडेला ठेवावी. यांपैकी काहीच नसेल तर बी कच्चे किंवा जुने होते असे समजून नव्याने पेरावे. मृग हुकला तरी पुनर्वसू नक्षत्र हाती असते.

उगवलेले रोप तुळशीचे की तणाचे, हे कसे ओळखावे?

पहिली दोन दले गोलसर, तळाशी किंचित खाचेची असतात. त्यानंतर येणारी खरी पाने समोरासमोरच्या जोड्यांनी येतात, त्यांच्या कडा दातेरी असतात आणि खोड बोटांत फिरवले तर चौकोनी लागते. चार पाने आल्यावर एक पान हलके चोळून वास घ्यावा. त्यानंतर शंका उरत नाही. तोपर्यंत काहीही उपटू नये.

चांगली उगवलेली रोपे जमिनीलगत मऊ पडून एका रात्रीत कोलमडतात. काय करावे?

हा बुरशीचा रोग आहे. दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंदट हवा एकत्र आल्या की तो हमखास येतो, म्हणून आठवडाभर झड लागली की तो अधिक दिसतो. कोलमडलेली रोपे वाचत नाहीत. ती भोवतालच्या मातीसह काढून टाकावीत, पाणी थांबवावे आणि कुंडी वारा लागेल अशा जागी हलवावी. उरलेली रोपे बोटभर अंतरावर राहतील इतकी विरळणी करावी, आणि ती उपटून न करता कात्रीने करावी, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. पेरणीच्या मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी मिसळणे हा उत्तम प्रतिबंध आहे. कृषी सेवा केंद्रांत ते मिळते.

रोप वृंदावनात केव्हा आणि कसे लावावे?

पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर उंच झाले आणि पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की ते हलवण्याजोगे होते. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडावी आणि रोप मुळांभोवतीच्या मातीच्या हुंड्यासह उचलावे. एका वृंदावनात एकच रोप लावावे. दाट दिसावे म्हणून चार-पाच रोपे एकत्र लावण्याची पद्धत आहे, पण ती सगळी एकमेकांचे अन्नपाणी ओढून खुरटतात. जमिनीत लावताना दोन रोपांत हात-दीड हाताचे अंतर ठेवावे.

रोपाइतकाच वृंदावनाचा विचार करावा लागतो आणि तो फार थोड्या घरांत होतो. नव्या बांधकामातले वृंदावन गवंडी बहुतेक वेळा उरलेले सिमेंट, विटांचे तुकडे आणि मुरूम यांनी भरतो आणि वर चार घमेली माती टाकतो. त्यात पाणी बाहेर पडायला वाटच नसते. अशा वृंदावनातली तुळस दरवर्षी का जाते, याचे उत्तर त्या चौकोनी खड्ड्यात असते. घरच्या बाईच्या हाताला यश नाही असे जे बोलले जाते, त्यात काही अर्थ नाही. आतला भराव निदान दीड हात खोल उपसून काढावा, तळाशी एका बाजूला छिन्नीने भोक पाडावे, खाली खडी, तिच्यावर जाड वाळू आणि मग वर सांगितलेले मिश्रण भरावे. सिमेंट ताजे असेल तर आठवडाभर त्यात पाणी भरून ते काढत राहावे, म्हणजे त्याचा खारेपणा बराच कमी होतो.

दिव्याची जागा झाडापासून दूर हवी. जुन्या वृंदावनांना दिव्यासाठी वेगळी देवळी केलेली असे, ती याचसाठी. बुंध्याशी ठेवलेल्या निरांजनाने साल भाजते. दूध, तेल, हळद-कुंकू आणि उदबत्तीची राख रोज मातीवर पडत राहिली तर तिचा वरचा थर चिकट होऊन कुजतो. पूजा देवळीपाशी किंवा वृंदावनाच्या भिंतीला करावी.

तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालण्याची प्रथा आहे. तिने झाड खराब होते का?

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात होते. घरात तीन माणसे असतील आणि तिघेही स्नानानंतर एकेक तांब्या घालत असतील, तर लहान वृंदावनातल्या रोपाला रोज तिप्पट पाणी मिळते. मुळे कुजली की पाने मलूल होतात, ती पाहून पाणी कमी पडले असे वाटते आणि आणखी एक तांब्या पडतो. मातीत बोट पेराभर खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी अर्घ्य म्हणून पळीभरच पाणी घालावे. भाव तांब्याने मोजला जात नाही, आणि झाड जगले तरच पूजा चालू राहते. एप्रिल-मेमध्ये मात्र कुंडीतल्या तुळशीला सकाळी आणि संध्याकाळी असे दोन वेळा पाणी लागते, आणि दुपारी अकरा ते चार सावली लागते. अर्धे ऊन अडवणारी हिरवी शेडनेट किंवा जुने सुती लुगडे, दोन्ही चालते.

टंचाईच्या दिवसांत कोणते पाणी वापरावे?

तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी निःशंकपणे वापरावे. साबणाचे आणि खरकट्या भांड्यांचे पाणी नको. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाते म्हणून ते झाडांना घालण्याचा प्रघात पडला आहे. परंतु बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाटलेले असतात, तेव्हा तुळशीला ते देऊ नये. फरशी धुण्यासाठी वापरावे. नुसते बोअरचे पाणीही जड असेल तर कुंडीच्या बाहेर पांढरा थर फुटतो. तसे दिसले की पावसाळ्यात कुंडी एक-दोन चांगल्या सरींखाली ठेवावी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. मातीवर वाळलेल्या पाल्याचे किंवा उसाच्या पाचटाचे दोन बोटे जाड आच्छादन केले तर निम्म्या पाण्यात भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात ही काळजी शोभेची नव्हे, गरजेची आहे.

कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे काय आहे?

सोयाबीनवर दिसणारा केवडा शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे; तुळशीवर दिसणारी ही लक्षणेही बहुधा त्याच लोहाच्या कमतरतेची असतात. मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे आणि त्या काळात पाने खाण्यासाठी खुडू नयेत. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर प्रश्न वेगळा आहे : तिथे नत्र कमी पडते किंवा पाणी जास्त होते.

कीड पडली तर कोणते औषध मारावे?

पाने तोंडात जातात, नैवेद्यावर ठेवली जातात. म्हणून शेतातल्या कापसाची औषधे तुळशीवर कधीही मारू नयेत. पानांच्या खाली अगदी बारीक, जाळीदार पंखांचे ढेकूण बसतात. त्यांनी रस शोषलेली पाने वेडीवाकडी होऊन वाळतात आणि मागे काळे ठिपके दिसतात. कापसाच्या पट्ट्यात पांढरी माशी व पिठ्या ढेकूणही येतात, उन्हाळ्यात लाल कोळी येतो. या सगळ्यांवर पहिला उपाय म्हणजे पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि किडके शेंडे खुडणे. त्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, किंचित साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळी फवारावी. पाने गुंडाळून आत बसणारी अळी हाताने काढणेच सोपे.

कृष्ण तुळशीच्या बियांतून हिरवी रोपे का येतात?

मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. अंगणात किंवा शेजारी दोन्ही प्रकार असले की बियांत सरमिसळ होते. शिवाय सावलीत वाढलेले कृष्ण तुळशीचे कोवळे रोपही हिरवेच दिसते आणि उन्हात ठेवल्यावर त्याला जांभळी झाक येते. तेव्हा महिनाभर थांबूनच निवड करावी. हुबेहूब तेच झाड हवे असेल तर वीतभर लांबीची फांदी खालची पाने काढून ओल्या वाळूत लावावी.

मंजुळा खुडाव्यात का?

खुडाव्यात. मंजुळा धरल्या की झाड आपला जोर बियांकडे वळवते आणि पाने बारीक होतात. रोप वीतभर झाले की शेंडा एकदा खुडल्यास फांद्या फुटतात. बियांसाठी तीन-चार जोमदार मंजुळा राखून बाकीच्या पूजेला वापराव्यात. द्वादशीला आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत, हा नियम पाळणाऱ्यांनी आदल्या दिवशी सकाळी खुडून ठेवावे.

तुळस वाळली तर तो अपशकुन आहे का?

नाही. तुळस हे अल्पायुषी झुडूप आहे. दोन-तीन वर्षांत तिचे खोड लाकडी होते, पालवी कमी होते आणि एखाद्या हिवाळ्यात ते वाळते. थंडीत पाने जांभळट होऊन गळणे मात्र मरण नव्हे. खोड नखाने खरवडून आत हिरवे दिसले तर फेब्रुवारीत वाळके शेंडे छाटावेत, पुन्हा पालवी येते. दरवर्षी मृगात चिमूटभर बी पेरण्याचा शिरस्ता ठेवला, तर जुने झाड जाईल तेव्हा नवे तयार असते. वाळलेल्या तुळशीच्या खोडाचे मणी करतात, काड्या होमात घालतात. उरलेला भाग खतात घालण्यात कोणताही अनादर नाही.

उरलेले बी किती दिवस टिकते आणि कसे ठेवावे?

पूर्ण वाळलेले बी कागदी पुडीत घालून, ती पुडी घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात आतही फार तापते. तिथे माठाजवळच्या कोनाड्यात, पण ओल लागणार नाही अशा बेताने ठेवावी. पुडीवर महिना आणि वर्ष लिहावे. पहिल्या वर्षी बी सर्वांत चांगले उगवते, दुसऱ्या वर्षी थोडे दाट पेरावे लागते आणि त्यापुढे त्याचा भरवसा धरू नये. शंका आली तर ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून दहा दिवस ठेवावेत, फडके वाळू देऊ नये आणि पाचापेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर नवे बी धरावे.